ढेकूणकाका

बंगळुरातल्या मराठी माणसाच्या घरी ढेकूण होत नाहीत, अ‍ॅलर्जी होते. बोअरचं पाणी जड आहे, हवा मानवत नाही, डास हल्ली फार वाढलेत. दंडावर एका ओळीत तीन गांधी उठल्या तरी आयटीतला गडी 'ढेकूण' हा शब्द तोंडातून काढत नाही. गावाकडे कळलं तर काय म्हणतील? एवढा पगार आणि ढेकूण?

अशा घरात एक दिवस ढेकूणकाका शिरतात.

ढेकूणकाका जातीने एक, नगाने अनेक. राजाजीनगर, मल्लेश्वरम, मारतहळ्ळी, जिथे चार मराठी बिऱ्हाडं तिथे एक काका नेमलेलाच. मूळ मिरज-सांगलीकडचे, एचएएल नाहीतर बीईएलमधून निवृत्त, बोलण्यात 'इल्ला' आणि 'सुम्ने' जागोजाग पेरलेलं. गणपतीच्या आरतीला कुणी मनगट खाजवताना दिसलं की प्रसादाची वाटी बाजूला ठेवून खणखणीत आवाजात विचारणार, "ढेकूण का रे?" आजूबाजूची माणसं 'सुखकर्ता' न थांबवता दोन पावलं मागे सरकतात.

पाहणीला येताना खिशात टॉर्च, मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणि कापसाचा बोळा. चहा नको, पाणी नको, आधी बेडरूम. घरच्या सुनेला लाजायलाही वेळ मिळत नाही. गादीच्या कडेची गोट उलटी करून काका शिवणीतून कार्ड ओढत नेतात. काळे ठिपके दिसले की ओला बोळा त्यावर टेकवतात, तो तांबूस झाला की यजमानाच्या नाकाखाली धरतात. "हे तुझंच रक्त. पचलेलं." मग पलंगाच्या स्क्रूची भोकं, प्लायवूडचे सांधे, पडद्याची दुमड, उशाचा स्विचबोर्ड. पहिला ढेकूण जिवंत पकडून काडेपेटीत घालतात. तो घरमालकासाठी. दहा महिन्यांचं डिपॉझिट दाबून बसलेला ओनर "तिगणे इल्ला सार" म्हणाला की काका शांतपणे काडेपेटी उघडतात.

तोवर घरात खटला उभा राहिलेला असतो. आणले कुणी? पहिला संशय कामवाल्या बाईवर, दुसरा पीजीत राहणाऱ्या भाच्यावर. इथे काका पंचतंत्र काढतात. राजाला चावून पळाला तो अग्निमुख ढेकूण. बिछान्यात सापडली आणि मेली ती बिचारी मंदविसर्पिणी ऊ. "बाईला सोड. तो सेकंडहँड सोफा कुणी घेतला ते सांग." सोफा घेणारा खिडकीबाहेर बघू लागतो. ज्या घरात माणसं दोन-दोन वर्षांनी बदलतात आणि फर्निचर त्यांच्याहून लवकर, तिथे ढेकणाला वाहन शोधावं लागत नाही, हे काकांचं म्हणणं मला तरी पटतं.

एव्हाना नागपूरच्या सासूबाई फोनवर आलेल्या असतात. गाद्या गच्चीवर उन्हात टाका. काका हसतात. "नागपूरला ठीक आहे हो. इथला उच्चांक 39.2, तोही एप्रिल 2016 मधला. ढेकूण मरायला पन्नासच्या आसपास लागतं, आणि तेही गादीच्या पोटात. हवा चांगली म्हणून आपण इथे राहिलो, तेही त्याचसाठी राहिलेत." पूर्वीचा रॉकेलच्या वाट्यांचा उपायही गेला, हायड्रॉलिक पलंगाला पायच नसतात, वाट्या ठेवणार कशाखाली? टिक-ट्वेंटीचं नाव निघालं की मात्र काका क्षणभर हळवे होतात. दिवाळीच्या साफसफाईचा तो वास त्यांना उटण्याहून जास्त आठवतो.

बाय-टू कॉफीवर औषधांचा इतिहास होतो. पर्ल हार्बरवर पहिला हल्ला जपानचा, 1941 साली. दुसरा ढेकणांचा, 1947 साली. डीडीटीला भीक न घालणारे ढेकूण तिथे सापडले. आजच्या फवाऱ्यांनाही त्यांचे वंशज पुष्कळ ठिकाणी जुमानत नाहीत. म्हणून काकांचा भर कष्टांवर: चादरी-अभ्रे कढत पाण्यात, शिवणींवर वाफेची इस्त्री, पलंग खोलून सांध्यांत फवारा. आणि पंधरा दिवसांनी दुसरा हात. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, आठ-दहा दिवसांत फुटतात.

हा दुसरा हात कुणी मारत नाही. आठवडाभर शांत झोप लागली की माणूस पेस्ट कंट्रोलवाल्याचा फोनही उचलत नाही. काहीजण घराला कुलूप लावून सांगलीला जातात, परत येईपर्यंत उपासमारीने मरतील या आशेने. "ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहतो," काका म्हणतात, "तू चतुर्थीला दोन ताटल्या खिचडी खातोस."

एवढी सेवा करूनही काकांना हळदीकुंकवाच्या घरी, वास्तुशांतीला कुणी बोलावत नाही. काका गेटवर दिसले की वॉचमनसुद्धा समजतो, कुठल्या तरी फ्लॅटमध्ये निघाले. त्यामुळे त्यांना रात्री दहानंतर, टॉर्च पिशवीत घालून या, अशी विनंती असते. काका येतातही तसेच, चोरपावलांनी. परवा मात्र भरदिवसा लिफ्टमध्ये भेटले. माझ्याबरोबर सोसायटीचे अध्यक्ष होते, त्यांच्या सौभाग्यवती होत्या, आणि मुलीला बघायला आलेले पुण्याचे पाहुणे होते. काकांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि अध्यक्षांना आपुलकीने विचारलं, "पंधरा दिवस झाले, दुसरा हात मारलात ना?"