अख्खी कॉलनी राखेत!

अगंबाई, पाहिलंत का? चौकापुढच्या प्लॉटवरचा बंगला झाला एकदाचा, आणि तोही राखाडीच! आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायची सोयच उरली नाही. पूर्वी ‘पोपटी बंगल्याशेजारी’ म्हटलं की तो थेट फाटकापाशी आणून सोडायचा. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला जा की सांगलीच्या विश्रामबागेत, नवं घर म्हटलं की राखाडी भिंत, काळी ग्रिल आणि मधेच एक लाकडासारखी दिसणारी पट्टी. ती लाकडाची नसतेच, बरं का!

आणि खर्च तर ऐका. प्लास्टर झालं, पुट्टीचे दोन हात झाले, घासपेपरची धूळ शेजारच्यांनी महिनाभर खाल्ली, मग प्रायमर, मग महागाच्या इमल्शनचे दोन हात. एवढं सगळं करून रंग कोणता दिला? सिमेंटचा! वास्तुशांतीच्या पंगतीत गावाकडच्या आजींनी भर जेवणात विचारलं, “घर झकास झालंय हो. रंगाचं दिवाळीनंतर काढणार का?” यजमानीणबाईंचा मठ्ठा वाटीबाहेर गेला, मी शेजारीच बसले होते.

हे खूळ आलं कुठून म्हणता? 2021 साली अमेरिकेतल्या पॅन्टोन कंपनीने राखाडीला ‘वर्षाचा रंग’ ठरवलं. पण एकट्याला नाही हो, जोडीला चांगला पिवळाधमक होता. आपल्याकडे येईस्तोवर पिवळा वाटेतच गळाला! उरलेलं काम आर्किटेक्टच्या थ्रीडीने केलं. त्या चित्रात आभाळ निळंशार, दारात चकचकीत गाडी, हिरवीगार लॉन. तिथे राखाडी शोभणारच. खऱ्या घरासमोर महावितरणची डीपी असते, गच्चीवर काळी टाकी आणि बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल.

शेडकार्डाचा तमाशा तर विचारूच नका. नखाएवढ्या चौकोनावर सून बोट ठेवते, “हाच, वॉर्म ग्रे.” सासूबाई म्हणतात, “याच्यात आणि त्याच्यात फरक काय?” रंगारी बिचारा दोघींना मान डोलावतो. आणि तोच रंग उत्तरेकडच्या खोलीत लागला की निळसर दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली तर चक्क जांभळट. राखाडीच्या पोटात निळी, हिरवी नाहीतर तपकिरी छटा दडलेली असते, ती अख्खी भिंत रंगल्यावरच बाहेर पडते. मग रंगाऱ्याशी भांडण! त्याने तुम्ही दिलेला नंबरच लावलाय हो.

आपल्याला काय रंगांचं वावडं होतं? दिवाळीच्या आधी चुन्यात नीळ कालवून भिंती कशा लख्ख करायचे, खाली गेरूचा पट्टा ओढायचे. गोव्यात जाऊन जुनी घरं बघा, पिवळी, निळी, लाल, खिडक्यांना पांढऱ्या कडा. तिथे फोटो काढायला आमचीच माणसं रांगा लावतात आणि परत येऊन स्वतःच्या घराला राख फासतात!

त्यातून जळगाव-अकोल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला गडद कोळशाचा रंग! गडद भिंत ऊन पिते, रात्री ते खोलीत सोडते. गच्चीवर मात्र ऊन परतवायला पांढरा कोट मारलाय. म्हणजे कळतंय सगळं, वळत नाही.

असो, आपल्याला काय! पण तुमचं घर रंगायचं असेल तर एवढं करा: छोटा डबा आणून दोन वेगळ्या दिशांच्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूब लावून बघा. तरीही राखाडीच आवडला, तर पैसे वाचवा. नुसत्या प्लास्टरवर पाणी मारा, शेड तीच येते.