कितव्या नंबरावर?

घटकताईची ओळख करून देण्याची गरज नसावी. खामगाव असो, चिखली असो की मेहकर, चार बायका जमल्या आणि एकीने पर्समधून नवी क्रीम काढली, की जी ती ट्यूब हातात घेऊन आधी उलटी करते आणि मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवायला लागते, तीच ही. बहुधा डी. फार्म. झालेली किंवा होऊ घातलेली असते. नसली तरी बोलण्यावरून तसंच वाटतं. घटकदादाही असतात, पण ते दाढीच्या तेलापाशी थांबतात. ताईला सीमा नाही. ट्यूबच्या पुढच्या बाजूवर केशर, चंदन, सोललेले बदाम आणि एक सोनेरी पान असतं, मावशी त्या चित्रावर खूश असते, आणि ताई विचारते, "मावशी, केशर कितव्या नंबरावर हाय, ते पाहा न आधी." केशर एकविसाव्या नंबरावर निघतं. पहिल्यावर पाणी. मावशी म्हणते, "बापा, इतकं वाचून लावायचं त मंग परीक्षाच देतो न मी!" ताईवर याचा परिणाम होत नाही. साबण, शॅम्पू, बाळाचं तेल, दिवाळीचं उटणं, सगळ्यांना तोच प्रश्न. हळदीच्या कार्यक्रमात तयार हळदी-उटण्याचं पाकीट तिच्या हाती लागलं, की मांडवभर जाहीर होतं की यात बेसन पहिल्या नंबरावर आहे, हळद चौथ्या, आणि नवरी जी पिवळी झाली ती पाचव्या नंबरावरच्या रंगाने.

हा प्रकार डोक्यात जातो, हे मान्य. तरी तिचा प्रश्न शंभर टक्के कायदेशीर आहे, हे आधी नोंदवायला हवं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते: जे सर्वांत जास्त, ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. लग्नपत्रिकेत हेच असतं. आजोबा, मोठे काका, आत्या यांचा क्रम चुकला तर कोणीतरी रुसून पंगतीला बसत नाही. पण खाली ‘समस्त मित्रमंडळ’ सुरू झालं, की तिथे कोण आधी आणि कोण नंतर याला अर्थ उरत नाही. घटकताईचं निम्मं शास्त्र हे मित्रमंडळ नेमकं कुठून सुरू होतं, ते शोधण्यात आहे. त्याची एक खूणही तिला ठाऊक असते. फिनॉक्सिइथेनॉल नावाचं, क्रीम टिकवण्यासाठी घालतात ते रसायन एक टक्क्यापर्यंतच वापरता येतं. म्हणजे यादीत ते दिसलं, की त्याच्यापुढचं सगळं एक टक्का किंवा त्याच्या आतलं. पुढच्या बाजूवर पसाभर छापलेलं केशर बहुतेक वेळा या खुणेच्या पलीकडे सापडतं. मावशीने पैसे केशराचे दिले आणि घरी आणलं पाणी, ग्लिसरीन आणि मेण. हे तिला कोणी तरी सांगायला नको का?

घटकताईची पहिली गफलतही याच खुणेपाशी होते. नंबर खाली असला म्हणजे घटक फुकट, असं तिला वाटू लागतं. रेटिनॉल टक्क्याच्या काही दशांशांत घातलं तरी सुरकुत्यांवर काम करतं. ते यादीच्या तळाशी असलं म्हणून बिघडत नाही. मित्रमंडळातलाच कोणीतरी शेवटी पाचशे पानं वाढत असतो. उलट, वरच्या नंबरावर रुबाबात बसलेले काही नुसतेच पाहुणे असतात. शिवाय यादी सांगते काय आहे. किती आहे, ते सांगत नाही, आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे तर मुळीच नाही. ‘क’ जीवनसत्त्वाचं, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं, सीरम चांगलं आम्लधर्मी, पीएच साडेतीनच्या खाली असेल तर त्वचेत शिरतं, आणि हवा-उजेड लागला की पिवळं-तपकिरी होऊन निकामी होतं. मलकापूरच्या मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलेल्या बाटलीत ते पहिल्या नंबरावर असूनही उपयोगाचं नसेल. हे यादीत वाचायला मिळत नाही.

कंपन्यांनी हे सारं ताईच्या आधी ओळखलं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली, तिच्या मुळाशी नायसिनामाइड होतं, ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप. पण त्याचं नाव कोणी घेत नसे. विकलं जात होतं ते गोरेपण, आणि गोरेपणापाठोपाठ येणारा नवरा आणि नोकरी. २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. आज तेच नायसिनामाइड पांढऱ्या, औषधी दिसणाऱ्या बाटलीवर ‘१० टक्के’ अशा ठळक आकड्यासह दुकानादुकानांत उभं आहे, आणि घटकताई त्याच्यावर फिदा आहे. संशोधनात जे परिणाम दिसले, डाग फिके होणं, तेलकटपणा कमी होणं, ते मुख्यतः दोन ते पाच टक्क्यांवरचे आहेत. दहाने दुप्पट उजळत नाही, काहींची आग मात्र होते. मागची बाजू वाचणाऱ्यांसाठी कंपन्यांनी मागची बाजूच पुढे छापली. पूर्वी मावशीला केशराच्या चित्राने गाठलं, आता भाचीला टक्क्यांनी.

घटकताईवर पहिला आक्षेप घरातूनच येतो: आमच्या आजीने डाळीचं पीठ आणि हळद लावली, तिला कुठे यादी लागली? आक्षेप गोड आहे, पण टिकत नाही. आजीला यादी लागली नाही, कारण डाळ तिने जात्यावर दळली होती, हळद स्वतः कुटली होती. घटक आणि त्यांचा क्रम तिच्या हातांना ठाऊक होता. आपण तिच्या नावाने पाकीट विकत आणतो. ते कोणी दळलं हे ठाऊक नाही, आणि वर ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं असतं. नैसर्गिक या घटकाला यादीत नंबर नाही. आणि घरातलं सगळंच मायाळू असतं, असंही नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. तो तोंडाला चोळून आपल्याकडच्या उन्हात बाहेर पडलं तर कातडी भाजून फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. हे सांगणारी मुलगी आगाऊ वाटते, पण चूक नसते.

पीएच हा तिचा दुसरा षोक, आणि त्यात तिला आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा आधार आहे. त्वचेचा पीएच साधारण पाचाच्या आसपास, किंचित आम्लधर्मी. साध्या साबणाचा नऊ-दहा. आणि लोणार सरोवराचाही दहाच्या जवळपास. सहलीला गेलेल्या कुटुंबासमोर, सगळे विवराच्या काठावर फोटो काढत असताना, घटकताई सांगते की रोज सकाळी साबणाने तोंड धुता तेव्हा तुम्ही लोणारातच उतरता. कोणाला आवडत नाही, पण यात इतिहासही आहे: अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारच्या या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सर्व काही मिळतं, अशी नोंद आहे. क्षार आणि साबण यांचं नातं या जिल्ह्याने अकबराच्या काळापासून पाहिलं आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, ते रोज न्हाणीघरात दिसतं. पाणी खारं आणि जड, साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण घासतो, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून त्याचा चिकट साका होतो आणि तो अंगावर बसतो. कातडी कोरडी पडते, खाजते. मग क्रीम येते, मग तिच्याहून महाग क्रीम येते. क्रीमच्या यादीत पहिल्या नंबरावर पाणी असतं. न्हाणीतल्या पाण्याची यादी कोणी छापत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अर्धवट ज्ञान. आज सॅलिसिलिक, उद्या ग्लायकोलिक, परवा रेटिनॉल, तिन्ही एका रात्री लावून चेहरा सोलून घेणाऱ्या ताया आहेतच. तरी घटकांची तुलना करण्याची ही सवय म्हणजे श्रीमंतांचा चाळा, असंही कोणी म्हणतं, ते मात्र खोटं. तुलना करता करताच तिला कळतं की महागड्या हायल्युरॉनिक सीरमचं पाणी धरून ठेवण्याचं काम मेडिकलमधलं साधं ग्लिसरीनही बऱ्यापैकी करतं, आणि ओलावा आत अडवण्यात पेट्रोलियम जेलीचा हात धरणारं फारसं कोणी नाही. हे ऐकून मेडिकलवाला नाराज होतो. कापूस वेचणाऱ्या बाईला ती सनस्क्रीनचं व्याख्यान देत नाही, दुपट्टा घट्ट विणीचा घ्या म्हणते. तेव्हा तिच्यावर चिडणं अवघड जातं.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तिची नाही. तिचा सगळा पराक्रम ज्याला मागची बाजू आहे, त्याच्यापुरता. धोका बहुतेक वेळा मागची बाजूच नसलेल्या वस्तूंत असतो. शेजारच्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. कारण शोधताना मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेला आणि बोट आलं ते ओळखीच्या ब्युटिशियनकडून घेतलेल्या उजळपणाच्या क्रीमवर. तिच्यात पारा होता. २०२३ च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रांत आलं. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो आणि बाई शेजारणीला डबी सुचवते. पारा कितव्या नंबरावर होता, हे विचारायला त्या डबीत सोय नव्हती. स्टेरॉइड मलमांचंही तेच: २०१८ मध्ये सरकारने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ‘गोरं होण्याची ट्यूब’ म्हणून ती काउंटरवरून सरकतात, कातडी पातळ होते, लाल पडते, आणि सोडली की दुप्पट उसळते.

आणि मग शेगाव. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा, भोनगाव अशा गावांतून लोकांचे केस जायला लागले. आधी डोक्याला खाज, आणि दोन-तीन दिवसांत हात लावला की केस हातात. अशा वेळी घटकताई काय करते, हे सांगायला नको: शॅम्पूची पुडी उलटी करते आणि सल्फेट कितव्या नंबरावर आहे ते पाहते. आरोग्य खात्याने पाणी तपासलं, त्यात नायट्रेट जास्त निघालं. बुरशीचा संशय घेतला. आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी महाराष्ट्राला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण अफाट आहे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी पडलं आहे. सेलेनियम हे नाव ताईला पाठ असतं, कारण त्याच मूलद्रव्याचं एक संयुग, सेलेनियम सल्फाइड, कोंड्याच्या शॅम्पूत असतं. बाहेरून एक-अडीच टक्के लावलं तर डोकं साफ करणारं हे मूलद्रव्य पोळीतून जास्त गेलं, की केस आणि नखं सोडवतं. बावस्करांचं म्हणणं धरलं, तर आयुष्यभर ज्या बाटलीवर तिने संशय घेतला ती निर्दोष होती, आणि जे पीठ ती बिनधास्त मळत होती त्याची कसली यादीच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग तिच्या वाचनाचा उपयोग काय? उपयोग इतकाच, की प्रश्न विचारायची सवय तरी एका माणसाला लागली आहे. त्वचारोगतज्ज्ञ खामगावला नाहीतर अकोल्याला, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी खर्चून गाठायचे; तोवर गल्लीत ताई फुकट उपलब्ध असते, नको तेव्हा, नको तितक्या मोठ्या आवाजात. मावशी चारचौघांत तिला नावं ठेवते आणि निघताना हळूच पर्समधून बिननावाची डबी काढून विचारते, "हे पाय बरं, चालते का?" ताई डबी उलटी करते, रिकामा तळ पाहते आणि परत देते. "फेकून द्या." एवढ्या थोड्या शब्दांत ती क्वचितच बोलते.

सध्या तिचा हा रोग रेशनच्या रांगेपर्यंत पोहोचला आहे. गहू कुठल्या राज्यातून आला, कुठल्या हंगामाचा, गोणीवर काय लिहिलंय, गोणी जरा उलटी करून दाखवता का, असं ती दुकानदाराला विचारते. दुकानदार मशीन पुढे सरकवतो. "ताई, अंगठा ठेवा इथं. मागं लाइन लागली हाय."