अण्णांनी आवळलेला फिल्टर

आमच्या सास्तुरात सैल काही कुणाला बघवत नाही. गॅसचा रेग्युलेटर असो की बोअरचा पाइप, जाता-येता प्रत्येक जण एकदा आवळून जातो. आमचे चुलते अण्णा या पंथाचे महंत. गेल्या पेरणीआधी ट्रॅक्टरचा ऑइल फिल्टर त्यांनीच बसवला. “जन्मात गळायचा न्हाई,” म्हणाले. गळला नाही, हे खरंच. पण आता निघायचंही नाव घेईना.

तसं त्यात अवघड काही नसतं. पत्र्याचा डबा, मधोमध आटे, तोंडाशी रबरी रिंग. रिंगेला बोटानं ऑइल चोपडायचं, ती इंजिनाला टेकली की नुसत्या हातानं पाऊण फेरा द्यायचा. गळती थांबवते ती दाबलेली रिंग. मनगटाचा जोर नव्हे. अण्णांनी मात्र रिंग कोरडीच लावली आणि वरून चेन पाना मारला. मग इंजिनाच्या उष्णतेनं रबर लोखंडाला धरून बसलं.

चेंबरचा नट काढून काळं ऑइल घमेल्यात सोडलं आणि फिल्टरला हात घातला. हात सटकला. डब्याला काचपेपर गुंडाळला, मग सायकलची जुनी ट्यूब. एव्हाना अंगणात सल्लागार मंडळ जमलं होतं. आटे उजवे की डावे, यावर दोन तट पडले. समोरून बघणारा एकीकडं फिरव म्हणे, मागून बघणारा दुसरीकडं. आणि दोघांचंही बरोबर होतं. चेन पाना लावला तर डबा चेपला, पण हलला नाही. शेवटी कुणीतरी डिस्मिस आरपार ठोकला. जोर देताच पत्रा टरटरा फाटला, उरलेलं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं आणि बुडाची चकती जागच्या जागी.

“बघा,” अण्णा कौतुकानं म्हणाले, “काय बसवलंय!”

त्यांच्यावर रागावता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता भूकंप झाला तेव्हा ते इथंच होते. तेव्हाची घरं दगड-मातीची, भिंती हातभराहून जाड. जाड तेवढी भक्कम, असा सगळ्यांचाच विश्वास. पण आतले दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते, आणि त्याच भिंतींनी माणसं गाडली. इतकं बघितलेला माणूस काही हलू नये म्हणून पाना घेऊन फिरला, तर त्याला नावं कशी ठेवायची? फक्त नुसत्या जाडीनं भिंत टिकत नाही तसं नुसतं आवळून फिल्टर टिकत नाही, हे त्यांच्या गळी उतरत नाही.

चकतीच्या कडेला छिन्नी तिरकी धरून हातोडीनं टुकटुक करत राहिलो, तेव्हा कुठं ती फिरली. जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. ती खरवडून काढली. तिच्यावरच नवी बसवली असती तर सगळं ऑइल शेताच्या वाटेवर सांडलं असतं. नव्या रिंगेला ऑइल लावलं, हातानं पाऊण फेरा दिला, वर नवं ऑइल भरलं, इंजिन चालू करून खाली वाकून पाहिलं. थेंब नाही.

अण्णांनीही वाकून पाहिलं. “बसलाय बरा. उगं एक हलका हात मारू का?”

पाना सध्या सोयाबीनच्या थप्पीमागं आहे. अण्णा तो शोधायला लागलेत, आणि शोधण्यात मी त्यांना मनापासून मदत करतोय.