आवाज मोजू नका

ब्रिटिश नट रॉय डॉट्रिस यांच्या नावावर गिनेस बुकातला एक विक्रम आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’चं वाचन करताना त्यांनी २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले. हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात जिम डेल यांनी काढलेल्या १३४ आवाजांचाही असाच बोलबाला झाला होता. फँटसीचं ऑडिओबुक विकायचं म्हटलं की हेच आकडे पुढे केले जातात. आवाज किती, नट किती, तास किती.

मेहनत अफाट आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण हे मापच चुकीचं आहे. या मापाने मोजायला लागलं की नकलाकार पुढे जातात आणि गोष्ट सांगणारे मागे राहतात.

फँटसी ऐकणं हे इतर कादंबऱ्या ऐकण्यापेक्षा अवघड काम आहे. छापील पुस्तकात सुरुवातीला नकाशा असतो, शेवटी वंशावळी असतात आणि जीभ वळणार नाही अशा नावावरून डोळा सरळ पुढे घसरतो. मार्टिन यांच्या मालिकेतलं डेनेरिस टारगेरियन हे नाव एकदाही न उच्चारता हजारो पानं वाचून काढणारे लोक मला माहीत आहेत. कानाला ही सोय नाही. लोकलमध्ये उभ्याने किंवा ओट्यापाशी पोळ्या लाटत ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून ‘हा कोण होता बरं?’ असं बघता येत नाही. राजघराणी, ड्रॅगन, जादूचे नियम, युद्धाची कारणं, सगळं त्याला एका गळ्यातून मिळायचं असतं. म्हणून निवेदकाचं पहिलं काम असं, की जगात कुठेही नसलेल्या गावाचं नाव त्याने आजोळचं नाव घ्यावं तसं घ्यायचं. त्या नावापाशी तो क्षणभर अडखळला, किंवा ‘बघा किती विचित्र’ असा सूर लागला, की ते गाव तिथल्या तिथे कोसळतं.

दुसरं काम म्हणजे काल जसा बोलला तसंच आज बोलणं. डॉट्रिस यांची पुढची हकिगत इथे सांगायलाच हवी. मार्टिन यांच्या मालिकेचा चौथा भाग सुरुवातीला जॉन ली यांनी वाचला. पाचवा भाग २०११मध्ये आला, सुमारे ४९ तासांचा, आणि डॉट्रिस परत आले. वय अठ्ठ्याऐंशीच्या घरात. श्रोत्यांनी कपाळाला हात लावला. काही नावांचे उच्चार बदललेले, ओळखीच्या माणसांचे आवाज बदललेले, कोवळ्या वयाची डेनेरिस एखाद्या म्हातारीसारखी बोलायला लागलेली. त्या वयात ४९ तासांचं वाचन पुरं करणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. शेकडो आवाज वर्षानुवर्षं डोक्यात सांभाळणं कुणालाही शक्य नाही. जुनं ध्वनिमुद्रण लावून एकेक पात्र ताडून घेणं हे निर्मात्यांचं काम असतं. पण ज्या धंद्यात आवाजांची संख्याच मिरवायची, तिथे ते आवाज टिकवण्याची चिंता कोण वाहणार?

याच्या अगदी उलट ‘द व्हील ऑफ टाइम’. रॉबर्ट जॉर्डन यांची चौदा भागांची मालिका, ऐकायला चारशे तासांहून जास्त. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवरा-बायकोनं ती वाचली. वाटणी साधी आहे: प्रकरण पुरुषाच्या नजरेतून असेल तर क्रेमर, बाईच्या नजरेतून असेल तर रीडिंग. प्रकरण सुरू होताच पहिल्या वाक्याला निम्मा पत्ता लागतो. २००७मध्ये जॉर्डन वारले. राहिलेलं काम ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून तीन भागांत पुरं केलं. शेवटचा भाग २०१३चा. लेखणी बदलली हे छापील पानावर लपत नाही. वाक्यांची लांबी बदलते, मॅट नावाच्या पात्राची थट्टेची ढबच बदलते. कानांना मात्र तीच दोन माणसं गोष्ट सांगत राहिली. लेखक गेला, तरी मालिकेचा आवाज शाबूत राहिला. या कामगिरीला विक्रमांच्या पुस्तकात रकाना नाही. मी ती २२४च्या वर ठेवतो.

उच्चारांचा विषय निघालाच आहे, तर जिम डेल यांचं एक सांगतो. सुरुवातीच्या भागांत ते हॅरी पॉटरमधल्या खलनायकाच्या, व्होल्डेमॉर्टच्या, नावातला शेवटचा ‘ट’ उच्चारत नसत. मग चित्रपट आले, पडद्यावर सगळे तो ‘ट’ ठासून म्हणू लागले, आणि डेल यांनीही पुढच्या भागांत तो घेतला. २०१५मध्ये लेखिका रोलिंगबाईंनी सांगून टाकलं की तो ‘ट’ उच्चारायचा नाहीच. म्हणजे डेल आधी बरोबर होते. पडद्याने निवेदकाला दटावलं आणि निवेदकाने ऐकलं. मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही, कारण हाच पडदा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्याही कानात शिरला आहे.

टोल्कीनच्या या कादंबरीची दोन वाचनं आज सहज मिळतात. एक रॉब इंग्लिस यांचं, १९९०चं. हे गृहस्थ टोल्कीनच्या कथांचे एकपात्री प्रयोग करायचे. दुसरं अँडी सर्किस यांचं, २०२१चं. चित्रपटातला गॉलम तो हाच. पहिला खंड इंग्लिस यांना सुमारे १९ तास पुरतो, सर्किस साडेबावीस तासांच्या पुढे जातात. शब्द तेच. मग हे साडेतीन तास आले कुठून? सर्किस थांबतात, कुजबुजतात, ओरडतात, धापा टाकतात. मोरियाच्या अंधारात ढोल वाजायला लागतात तिथे त्यांचं वाचन अंगावर काटा आणतं. त्या प्रकरणात त्यांना तोड नाही. (आणि हेच वाचन दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की जे साडेतीन तास सर्किस यांनी कमावले तेच तुम्ही आधी उडवता.)

तरीही पूर्ण कादंबरीसाठी मी इंग्लिसच निवडेन. सर्किस यांचा जादूगार गॅन्डाल्फ बोलायला लागला की डोळ्यांपुढे चित्रपटातले इयन मॅकेलन उभे राहतात, त्यांची टोपी, त्यांची दाढी, सगळं. इंग्लिस यांनी वाचलं तेव्हा त्या चित्रपटांना अकरा वर्षं अवकाश होता. त्यांचा गॅन्डाल्फ कुणाचाच उसना नाही, त्यामुळे त्याचा चेहरा मला माझा बनवता येतो. एलरोंडच्या घरची ती लांबलचक सभा घ्या. पानंच्या पानं नुसती माणसं बोलतात, कुणी तलवार उपसत नाही. इंग्लिस तिथे नाट्य करायला जात नाहीत. गावातला जाणता माणूस जुनी भाऊबंदकी सांगत बसावा तसं सांगतात, आणि ऐकणारा हलत नाही. गाण्यांचंही तेच. छापील पुस्तकात ती गाणी सर्रास वगळली जातात. इंग्लिस ती गातात, साध्या चालीत, मैफलीचा आव न आणता. वाटेने चालणारी माणसं गुणगुणतात तशी. टोल्कीननं ती पानांत का पेरली हे तेव्हा कुठे कळतं.

खुद्द टोल्कीनचं वाचनही उपलब्ध आहे. १९५२ साली ते माल्व्हर्नला जॉर्ज सेयर या मित्राकडे राहायला गेले होते. कादंबरी लिहून झालेली, पण प्रकाशनाचं घोडं अडलेलं. सेयर यांनी टेपरेकॉर्डर पुढे ठेवला. टोल्कीननी आधी त्या यंत्रातली भुतं पळवण्यासाठी गॉथिक भाषेत प्रार्थना म्हटली आणि मग वाचायला घेतलं. ‘द हॉबिट’मधला कोड्यांचा प्रसंग आहे. बिल्बो साधा बोलतो, निवेदन साधं चालतं, आणि गॉलम मात्र फुत्कारतो, गिळतो, घशातल्या घशात घोळतो. ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक आवाज फक्त एकाच पात्रासाठी इतका बदलतो, आणि तेही कारण असल्यामुळेच: गॉलमला त्याच्या आवाजावरूनच तर नाव मिळालं आहे. बाकीच्यांना त्यांची वाक्यं पुरतात. माझ्या मते फँटसी वाचायला बसणाऱ्या प्रत्येक निवेदकाने हे ध्वनिमुद्रण आधी ऐकावं. आपला आवाज ऐकून टोल्कीनना स्वतःच्या पुस्तकाबद्दल पुन्हा उमेद वाटू लागली, असं सेयर यांनी लिहून ठेवलं आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४मध्ये बाहेर पडायला लागलं.

पूर्ण नटसंच, तलवारींची खणखण, घोड्यांच्या टापा, असला थाट करणाऱ्यांशी माझं भांडण एवढंच आहे, की टापा वाजवल्यावर ‘घोडा दौडत आला’ हे वाक्य कुणी ऐकायचं? नट वाढवायचेच तर टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डच्या २०२२पासून आलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांसारखे वाढवा. तळटीपा बिल नायी यांच्याकडे, मृत्यूचे संवाद पीटर सेराफिनोविच यांच्याकडे, आणि बाकी पुस्तक एका निवेदकाकडे. प्रॅचेटच्या पानावर मृत्यू वेगळ्याच टायपात बोलतो आणि तळटीपा पानाच्या तळाशी बसून गंमत करतात. कानाने ऐकताना तीच रचना कळावी म्हणून आवाज वाढवले.

एकाच आवाजात काय होऊ शकतं ते सुझॅना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’त ऐका. अंत नसलेल्या दालनांच्या वाड्यात एक माणूस राहतो आणि रोजनिशी लिहितो, त्याचं हे पुस्तक. चिवेटेल एजिओफोर ते सात तासांत वाचतात. त्या माणसाला जे कळलेलं नाही ते ऐकणाऱ्याला त्याच्या आधी कळायला लागतं, पण एजिओफोर आवाजातून ते फोडत नाहीत. कुठेही कीव नाही, इशारा नाही. त्या माणसाचा भाबडा आदर ते शेवटपर्यंत तसाच ठेवतात. २०२१च्या ऑडी पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम ऑडिओबुक हेच ठरलं.

आता यंत्राचा आवाज आला आहे. २०२५च्या मे महिन्यात ऑडिबलने प्रकाशकांसाठी तशी सोयच जाहीर केली. यंत्र थकत नाही, त्याचे उच्चार दहा वर्षांनीही तेच राहतील. म्हणजे डॉट्रिस यांच्याबाबतची तक्रार मिटली. तरी मला ते नको आहे. निवेदकाला गोष्टीचा शेवट माहीत असतो आणि तो त्याला आवाजात दडवायचा असतो. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागातले क्विरल सर पुस्तकभर तोतरं बोलतात आणि शेवटी एकाएकी स्वच्छ बोलायला लागतात. त्या वाक्याला धक्का बसावा म्हणून निवेदकाला त्याआधी कित्येक तास ते तोतरेपण खरं मानून वाचावं लागतं. नक्कल जरा जास्त झाली तर संशय येतो, कमी झाली तर पात्र लक्षात राहत नाही. ती रेघ कुठे आहे हे हॅरी पॉटर वाचणाऱ्या स्टीफन फ्रायना कळतं, कारण कुणीतरी समोर बसून ऐकतंय असं धरूनच ते वाचतात.

हे सगळं मी मराठी निर्मात्यांना ऐकू जावं म्हणून लिहितो आहे. आपल्याकडे हे शिकवायला परदेशातून कुणी यायची गरज नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार एक मायक्रोफोन घेऊन उभे राहायचे आणि सभागृह भरून गाव उभं करायचे. वपुंच्या कथाकथनाच्या कॅसेटी घराघरांत वाजल्या. यातल्या कुणीही बाईचं पात्र आलं म्हणून किनरा आवाज काढत बसलं नाही. हेल जरासा बदलला, की माणूस बदलला. आणि आज नारायण धारपांची कथा ऐकायला घ्यावी, तर वाक्याखाली सिंथेसायझर घुमतो आहे, दार करकरतं आहे, घुबड घुमतं आहे. हे कुणा एकाचं काम नाही, हा आता रिवाज झाला आहे. धारपांची भीती सुरू होते ती चहा, नोकरी, भाड्याची खोली अशा अगदी रोजच्या तपशिलातून. पहिल्या मिनिटालाच घुबड बोललं की ती खोली साधी राहत नाही, आणि पुढे धारपांनी जे काही रचलं आहे त्याला उभं राहायला जमीनच उरत नाही.

नाथमाधवांचं ‘वीरधवल’ कुणीतरी नीट वाचावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मराठीतली अद्भुतरम्य कादंबरी म्हटलं की जुन्या वाचकांच्या तोंडी आधी येतं ते हे पुस्तक. कारस्थानं, भुयारं, तोतये, सगळा मालमसाला तयार आहे. त्यातली लांब, पल्लेदार वाक्यं आजच्या माणसाला म्हणता येतात का, हीच खरी परीक्षा. एक निवेदक घ्या, त्याला आधी पुस्तक शेवटपर्यंत वाचायला वेळ द्या, नावं आणि हेल एका वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि संगीताचे पैसे त्यालाच जास्तीचे द्या. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.