कचेरी, मुक्काम केनवड

1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून विभक्त झालेल्या आणि पुढे 2018 साली निती आयोगाने ‘आकांक्षित’ ठरविलेल्या वाशिम जिल्ह्यात माहिती-तंत्रज्ञानाचा उद्योग कोणत्या योजनेखाली, कोणत्या मंत्र्याच्या हस्ते व कोणत्या मुहूर्तावर अवतरला, असा प्रश्न उद्या स्पर्धा परीक्षेत विचारला गेलाच, तर रिसोड तालुक्यातील केनवडच्या विद्यार्थ्याने निःशंकपणे लिहावे की तो एका विषाणूच्या हस्ते, 2020 च्या चैत्रात, सोयाबीनच्या पोत्यांवर अवतरला.

आमच्या परिचयाचे एक चिरंजीव हिंजवडीहून केनवडास आले आणि त्यांच्यामागोमाग कंपनीची कचेरीही आली. तत्पूर्वी दूरसंचाराच्या आधारे सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना नोकर घरी बसवून राबवावयाचा, तर सरकारदरबारी अनामत ठेवावी लागे, करारनामा लिहून द्यावा लागे. वर्षानुवर्षे अत्यावश्यक मानलेली ही अट मार्च 2020 मध्ये एका परिपत्रकाने तहकूब झाली, नोव्हेंबरात तर नियमच बदलले, आणि कोणाचेही काही बिघडले नाही. तिकडे हिंजवडीत विप्रोने आपल्या एका संकुलाचे साडेचारशे खाटांचे रुग्णालय करण्याचा करार राज्य सरकारशी केला. म्हणजे जेथे निरोगी माणसे बसत तेथे रुग्ण निजले, आणि निरोगी माणसे केनवडास रवाना झाली.

केनवडातील कामकाजाची शिस्त मोठी कडक होती. रेंज गच्चीवरील पाण्याच्या टाकीजवळच येत असल्यामुळे शिकागोच्या साहेबांशी मसलत तेथेच चाले. शिकागोस सकाळ होई तेव्हा इकडे रात्र. आणि महावितरणच्या वेळापत्रकात शेतीपंपाची पाळीही नेमकी रात्रीची निघे, तेव्हा वडील बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी देण्यास निघत. एकाच घरात दोन रात्रपाळ्या! त्यांतील एकीस भत्ता होता आणि दुसरीस विंचूकाट्याचे भय, एवढाच काय तो श्रेणीभेद.

गावाने मात्र या उद्योगक्रांतीचे स्वागत फारशा श्रद्धेने केले नाही. दिवसा निजणारा आणि रात्री गच्चीवर एकटाच बोलणारा तरुण पाहून पारावर निर्णय झाला, की “पोट्ट्याची नौकरी गेली वाट्टे.” त्याचा परिणाम विवाहाच्या बाजारावर तत्काळ झाला; पगार तोच, पद तेच, परंतु पुण्याचा पत्ता गळताच स्थळाचा भाव उतरला. पगाराची पावती दाखविली, तरी मुलीकडचे विचारीत, “पण कचेरी कोठे आहे?”

हाच प्रश्न पुढे बड्या कंपन्यांसही पडला. एप्रिल 2020 मध्ये टीसीएसने घोषणा केली होती, की 2025 पावेतो शंभरांतील पंचविसांहून अधिक माणसांना एका वेळी कचेरीत बसण्याची गरज उरणार नाही. ती मुदत भरण्यापूर्वीच, ऑक्टोबर 2023 पासून, आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत हजर राहण्याचे फर्मान तिनेच काढले. आणि ज्या झूमच्या खिडकीतून अवघ्या जगाने घरबसल्या कचेऱ्या चालविल्या, त्या झूमनेही ऑगस्ट 2023 मध्ये कचेरीपासून पन्नास मैलांच्या आत राहणाऱ्या आपल्या नोकरांना आठवड्यातून दोन दिवस समक्ष येण्यास फर्माविले. अंतर नाहीसे करण्याचे यंत्र विकणाऱ्यांनी स्वतःसाठी मैल मोजावेत, ही प्रगल्भता आमच्या तलाठ्यांस कधीच अवगत होती. सज्जावर माणूस दिसला पाहिजे, काम दिसले नाही तरी चालते.

फर्मानामागील हेतूही उदात्त सांगण्यात आला: समोरासमोर बसल्याने सहकार्यभाव वाढीस लागतो. त्याप्रमाणे चिरंजीव रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्यास परतले. आता ते वातानुकूलित दालनात, डाव्या-उजव्या सहकाऱ्यांकडे न पाहता, कानांस यंत्र लावून त्याच शिकागोच्या त्याच साहेबांशी बोलतात, आणि साहेब अद्याप आपल्या घरीच आहेत. परवाची बैठक तर त्यांनी वाकडच्या पुलाजवळ कोंडीत थिजलेल्या मोटारीतूनच पार पाडली. काम चोख झाले, साहेब संतुष्ट झाले. दिवसाची हजेरी तेवढी अर्धी लागली, कारण ती फाटकावरील यंत्रास ओळखपत्र दाखविल्या घटकेपासूनच मोजली जाते.