चार दरवाज्यांची स्पोर्ट्‌स कार

हिंगण्यात इंजिन उघडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. एमआयडीसी दाराशी, त्यात ट्रॅक्टरचा कारखाना. पोरगं दहावीला गणितात गचकलं तरी पिस्टनला रिंग कशी चढवायची हे त्याला माहीत असतं. पण इंजिन वाचणारा माणूस अख्ख्या हिंगण्यात एकच. आम्ही त्यांना मॅन्युअलकाका म्हणतो.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. इंडेंटशिवाय वायसरसुद्धा खिडकीबाहेर पडू दिला नाही, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्तीनंतर लोक शेगावला जातात, नातवंडं सांभाळतात, सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर राजकारण निस्तरतात. काकांनी फंडातले पैसे काढले आणि वर्ध्याच्या एका डॉक्टरांच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी असलेली 1969 सालची स्टँडर्ड हेराल्ड टेम्पोत घालून आणली. टेम्पोवाल्यानं वाटेत दोनदा विचारलं म्हणे, ‘काका, वजनकाटा कुठला धरू?’

ही स्पोर्ट्‌स कार आहे, असं काका सांगतात. ऐकणाऱ्याला समोर चार दरवाजे, मागे घरच्या चार माणसांची जागा आणि वर रीतसर छप्पर दिसत असतं. पण काकांचा युक्तिवाद कागदोपत्री पक्का असतो. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीनं 1959 मध्ये हेराल्ड काढली, तिचं रूप तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं रेखाटलं. 1962 मध्ये याच हेराल्डची चासी आखूड करून तिच्यावर त्याच मिकेलोत्तीनं रेखाटलेली स्पिटफायर बसवली, दोघांपुरती, उघड्या टपाची, अस्सल स्पोर्ट्‌स कार. ‘म्हंजे सख्खी मावसबहीण झाली ना बाप्पा! ते तिकडं नाचून राहिली, तर हिच्या अंगात ताल नसंन का?’

यावर काकू आतून म्हणतात, ‘दोन वर्सं झाली, तालातच उभी हाय शेडमंदी.’

गाडी उभी राहण्याचं कारण काकांच्या मते एकच होतं. चांगलं मॅन्युअल नव्हतं. पुस्तक हाती नसताना पाना हाती घेणारा माणूस त्यांच्या लेखी पत्रिका न पाहता मुलगी देणाऱ्या बापासारखा. मग शोध सुरू झाला. नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर अभियांत्रिकीच्या गाईडांखाली, मुंबईत फाउंटनच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात. माणसं काशी-रामेश्वर करतात तितक्या भक्तीनं काकांनी ही यात्रा केली, आणि येताना प्रत्येक वेळी दुसऱ्याच गाडीचं पुस्तक आणलं. ‘राहू द्या,’ ते म्हणत, ‘गाडी तर काय, मिळूनच जाईन.’

या यात्रेतून त्यांना जे ज्ञान झालं ते मात्र खरं आहे, आणि जुनी गाडी घरी सांभाळू पाहणाऱ्यानं ऐकून ठेवावं. गाडीबरोबर येणारी छोटी पुस्तिका म्हणजे मुलीच्या पाठवणीत ठेवलेली चिठ्ठी. तेल कोणतं, हवा किती, एवढंच प्रेमानं सांगते. दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल सगळं सांगतं, पण कंपनीच्याच मिस्त्र्याला. ‘विशेष हत्यार क्रमांक अमुक लावून बेअरिंग खेचावे,’ असं त्यात बेलाशक लिहिलेलं असतं, आणि ते हत्यार असतं ट्रायम्फच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यात. सुट्या भागांची यादी नुसती यादी दिसते, पण तिच्यातली चित्रं बघावीत. अख्खा गिअरबॉक्स हवेत विखरून दाखवलेला, प्रत्येक नट, वायसर, सर्कलिप आपापल्या क्रमानं एका रेषेत लटकलेली, शेजारी नंबर. कोणता वायसर आधी आणि कोणता नंतर, हा प्रश्न तिथेच सुटतो. काका रात्री हीच यादी उशाशी घेऊन झोपतात. स्टोअरच्या माणसाला स्वर्ग असाच दिसत असणार, सगळा माल नंबरवारी आणि मागायला कोणी नाही.

या तिन्हींच्या वर काका हेन्सला बसवतात. जॉन हेन्स हा इंग्रज ब्रिटिश हवाई दलात होता, एडनला नेमणुकीवर. तिथे एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट, म्हणजे बेडकासारख्या डोळ्यांची चिमुकली स्पोर्ट्‌स कार, दुरुस्त करायला बसला आणि कंपनीचं मॅन्युअल सामान्य माणसाच्या कामाचं नाही हे त्याला कळलं. मग गाडी पार खोलायची, पुन्हा जोडायची, आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा, अशी रीत त्यानं काढली. ते पुस्तक 1966 मध्ये आलं. म्हणजे घरच्या घरी गाडी दुरुस्त करण्याच्या या पोथ्यांचा उगमच एका जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या पोटातून झाला. हे सांगताना काका हेराल्डच्या बॉनेटवरून असा हात फिरवतात, की ऐकणाऱ्याला स्प्राइटही हिची नात्यातलीच वाटावी.

हेराल्डचं हेन्स अखेर इंग्लंडातल्या पुतण्यानं पाठवलं. पाकीट उघडलं आणि काकांचा चेहरा उतरला. पुस्तक वापरलेलं होतं. पानांवर काळे अंगठे, कडांना ग्रीस, क्लचच्या प्रकरणाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मला विचाराल तर जुन्या मॅन्युअलची याहून चांगली पारख नाही. कोरं पुस्तक म्हणजे मालकानं गाडी गॅरेजात नेली. शिवाय काळेपणा कुठे आहे ते बघितलं की त्या गाडीचं दुखणं कुठे हे न वाचताच समजतं. या पुस्तकात क्लच, गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांची पानं मिस्त्र्याच्या बनियनसारखी झाली होती आणि रंगकामाचं प्रकरण सत्यनारायणाच्या पोथीसारखं स्वच्छ. काकांना हे पटलं नाही. त्यांनी पान न्‌ पान रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, ब्राउन पेपर घातला, वरून प्लास्टिक चढवलं.

पुढे वेगळंच संकट निघालं. इंग्लंडात हेराल्डला दोनच दरवाजे. चार दरवाज्यांची हेराल्ड फक्त आपल्याकडे झाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स कंपनीनं खास भारतीय कुटुंबासाठी ती काढली. तिकडे इंजिन वाढून 1147 सीसीचं झालं, इकडे जुनं 948 सीसीचंच राहिलं. म्हणजे काकांच्या गाडीचं इंजिन पुस्तकाच्या पहिल्या भागात, पुढचं तोंड शेवटच्या भागात, आणि मागचे दोन दरवाजे पुस्तकाबाहेर. दुसरा कोणी खचला असता. काकांना उलट हुरूप आला. भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी महाभारताच्या पोथ्या ताडून पाठभेद नोंदवले, तसे काका समासात पाठभेद नोंदवू लागले. कॉव्हेंट्री पाठ लाल पेन्सिलीनं, मद्रास पाठ निळ्या पेन्सिलीनं. मागच्या दरवाज्यांपाशी नुसतं ‘प्रक्षिप्त’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

एवढ्या जपलेल्या पुस्तकाला तेलकट हात लागणार कसा? म्हणून दुरुस्तीची पद्धत ठरली. काका शेडमध्ये खुर्चीवर, हात साबणानं धुऊन, मांडीवर पुस्तक. गाडीखाली वानाडोंगरीचा म्हातारा मिस्त्री. आणि मधे मी. काकांनी वाचलेलं इंग्रजी मराठीत करून वाकून खाली सांगायचं. मिस्त्री बहुतेक वेळा माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत काम उरकून पुढचा पाना मागत असे. हेराल्डचं पुढचं अख्खं नाक, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटतं. इंजिनाच्या शेजारी चाकावर बसून काम करता येतं, इतकी मोकळी जागा. मिस्त्री तिथे बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, ‘साब, ये किताब एक बार गाडी को भी पढ़ के सुनाओ.’

पुस्तकातलं काकांचं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे ‘बसवणी काढणीच्या उलट क्रमाने करावी.’ हेन्सच्या पुस्तकांत हे वाक्य फलश्रुतीसारखं जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येतं. हेराल्डचा गिअरबॉक्स खालून पडत नाही, आतून निघतो. सीट काढायची, मधलं आवरण काढायचं आणि गिअरबॉक्स प्रवाशासारखा दारातून उतरवायचा. आम्ही उतरवला. पाऊस आला म्हणून घरात आणून दिवाणावर ठेवला, आणि पाहुणे येईपर्यंत तो तिथेच लोडाला टेकून होता. मग उलट क्रम सुरू झाला. संध्याकाळी गाडी जोडून झाली तेव्हा खाली तीन नट आणि एक स्प्रिंग उरली. काकांनी वहीत नोंद केली, ‘शिल्लक साठा’, आणि माल बिस्किटाच्या डब्यात जमा केला. काकू म्हणाल्या, ‘अजून धा वेळा जोडा, दुसरी गाडी होते त्यातच.’

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की पुस्तकी माणसाची गंमत चालली आहे. तर ट्रनियनची गोष्ट ऐका. हेराल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकाशी, अगदी तळाला, ट्रनियन नावाचा पितळी तुकडा असतो. त्यात आटे, आणि त्या आट्यांत चाकाला धरणारा उभा पोलादी दांडा स्क्रूसारखा शिरलेला. स्टिअरिंग फिरवलं की दांडा आट्यांत फिरतो. मिस्त्रीनं सवयीनं ग्रीसगन लावली आणि काका खुर्चीतून उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

‘थांब बे! ग्रीस नाई. नव्वद नंबर ऑइल लिवलं हाय.’

‘साब, चालीस साल से ग्रीस मार रहे हैं.’

‘म्हणूनच तुटून राहिले ना चाळीस सालापासून!’

पुस्तकाचं म्हणणं बरोबर होतं. घट्ट ग्रीस त्या आट्यांत पोचत नाही, वाटेतच साचून वाळतं. आत पाणी शिरतं, पोलाद गंजतं आणि एके दिवशी दांडा आट्यापाशी तुटून चाक आडवं होतं. गिअर ऑइल मात्र झिरपत खाली उतरतं. मिस्त्री थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्यानं वर्धा रोडवर एका हेराल्डला असं गुडघा टेकताना पाहिलं होतं आणि खड्ड्याला शिव्या घातल्या होत्या. त्यानं ट्रनियन खोलला. आतून वाळकं ग्रीस आणि विटकरी भुकटी निघाली. ‘दिखाओ तो,’ म्हणत त्यानं ते पान चित्रासाठी पुढे ओढलं, आणि रॉकेलनं पुसलेल्या कागदावर त्याचा आख्खा अंगठा उमटला. मी श्वास रोखून काकांकडे पाहिलं. काकांनी बोळा उचलला, आणि परत ठेवला.

गाडी रस्त्यावर आली ती एका रविवारी सकाळी. हिंगणा रोडनं लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनापर्यंत जायचं आणि वळून यायचं, असा बेत. हेराल्ड पंचवीस फुटांत वळते, लंडनच्या टॅक्सीइतक्या जागेत. ते वळण काकांना भर चौकात घेऊन दाखवायचं होतं. वळण घेतलं, फारच देखणं घेतलं, आणि अर्ध्यावर गाडी दोन ठसके देऊन बंद पडली. वरून मेट्रो गेली. काकांनी नाक उलटलं तशी गर्दी जमली. अख्खा चेहरा उघडणारी गाडी पोरांनी कधी पाहिली नव्हती. पुस्तक घरी होतं. रस्त्यावर धूळ फार, म्हणून आणलं नव्हतं.

मिस्त्री स्प्लेंडरवरून आला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्यानं पाहिलं, तर पॉइंट मिटलेले. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते आणि फट बुजते, ठिणगीच पडत नाही. फट हवी पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. ती मोजायचं फिलर गेज पुस्तकाशेजारी, धुऊनपुसून ठेवलेलं. मिस्त्रीनं डॅशबोर्डवरून लग्नाची एक जाडजूड पत्रिका उचलली, कोपरा फाडला, दोन पॉइंटांच्या मधे सरकवला, स्क्रू आवळला, तुकडा ओढून बघितला. ‘मारो साब.’ गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

घरी आल्यावर काकांनी तो तुकडा मिस्त्रीकडून रीतसर मागून घेतला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि चष्मा वर करून म्हणाले, ‘सोळा. एक थाऊ जास्त हाय.’ मग वहीत ओळ आली: पत्रिका, तुकडा, 1 नग, 16 थाऊ. तुकडा हेन्सच्या इग्निशन प्रकरणात, दोन पानांच्या मधे, प्लास्टिकच्या पिशवीत गेला.

गुरुवारी काकूंच्या भाचीचं लग्न होतं. दुपारपासून त्या घरभर काहीतरी हुडकत होत्या. मी गेलो तेव्हा फाटकी पत्रिका हातात धरून विचारत होत्या, ‘अवो, मंगल कार्यालयाचा पत्ता कुठी गेला हो याच्यातला?’

काका खुर्चीतून न उठता म्हणाले, ‘इग्निशनमंदी पाय. पन आंदी हात धुव.’