चुलत्याच्या सातबारावरून रेस्ट शिका (नवशिक्यांसाठी)

साहित्य : एक मोबाइल, बावड्यातला एक गट नंबर (स्वतःचा नसेल तर चुलत्याचा चालेल) आणि भरपूर सवड.

महाभूलेख हे संकेतस्थळ उघडा. जिल्हा पुणे, तालुका इंदापूर, गाव बावडा, मग गट नंबर. उतारा दिसला की हरखून जाऊ नका. जमीन उसासकट जिथल्या तिथं आहे, मोबाइलवर आलंय ते तिचं एक रूप. जमीन म्हणजे रिसोर्स, उतारा म्हणजे रिप्रेझेंटेशन. रूपं अनेक असू शकतात : नुसता बघायचा उतारा फुकट, डिजिटल सहीचा १५ रुपयांना. तसंच एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागायची खिडकी) एकच माहिती कुणाला जेसनमध्ये देते, कुणाला एचटीएमएलमध्ये. रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात हे रेस्ट या नावानं मांडलं, तेही सातबारा न बघता.

आता एपीआयकडे पाठवायच्या विनंतीतली क्रियापदं. गेट म्हणजे बघणं. शंभरदा बघा, जमिनीला धक्का लागत नाही. भावकीत कुजबुज होते ती वेगळी. पोस्ट म्हणजे नवा अर्ज. घाईत बटण दोनदा दाबलंत तर अर्जही दोन होऊ शकतात. पुट म्हणजे 'नोंद अशी ठेवा'. दहादा पाठवलं तरी नोंद तीच राहते.

डिलीटला मात्र जरा दमानं घ्या. सातबारावरचं नाव नाहीसं होत नाही, त्यावर आडवी रेघ येते. आजोबा रेघेखाली आणि सोबत फेरफार क्रमांक. एपीआयतही डिलीटला होकार आला म्हणजे आतली माहिती पुसली गेलीच असं नाही. त्या पत्त्यावर ती यापुढे मिळणार नाही, एवढंच.

सर्व्हरच्या उत्तरांचे आकडे पाठ करू नका, तलाठी कार्यालय आठवा. फेरफाराचा अर्ज दिला की नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तोवर तुमचं उत्तर २०२ : घेतलंय, झालेलं नाही. धाकट्या भावानं हरकत घेतली तर ४०९. असा गटच नसेल तर ४०४. ५०३ (सेवा सध्या बंद) कुणाला शिकवावा लागत नाही.

सर्व्हरला ओळखपाळख नसते. 'काल आलो होतो, तोच मी' असं म्हणून चालत नाही. दर विनंतीत सगळे कागद पुन्हा जोडायचे. गावच्या रीतीनं हा शुद्ध उद्धटपणा. पण त्यामुळेच दहापैकी कोणताही सर्व्हर तुमचं काम करू शकतो, नेहमीचे साहेब रजेवर असले तरी.

राहता राहिला पत्ता. प्रत्येक रिसोर्सला स्वतःचा कायमचा पत्ता हवा : इंदापूर/बावडा/गट/अमुक. त्यात 'उतारादाखवा' असलं क्रियापद घुसवू नका. महाभूलेखवर रकाने भरून उतारा उघडला तरी वरचा पत्ता गटागणिक बदलत नाही. म्हणून भावकीच्या ग्रुपवर लिंक येत नाही, स्क्रीनशॉट येतो. आणि तोही नेमका क्षेत्राच्या आकड्यापाशी कापलेला.